संपर्क होऊ शकला नाही

नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी कॉलेजातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. संख्याशास्त्र शिकवत होते. त्या विषयाला मुलं दरवर्षी कमीच होत चालली होती, पण कारण ते नव्हतं. स्टाफरूममध्ये मी शिरले की सगळेजण आवाज खाली आणायचे आणि चहाचा कप जरा जास्तच अदबीने पुढे करायचे. ते मला सोसेना.

मुलगा बंगळूरला असतो. तो म्हणाला, "आई, इकडेच ये." मी गेले, महिनाभर राहिले. मुलगा आणि सून दोघंही सकाळी निघायची ती दिवेलागणीनंतर परतायची. तिथेही दिवसभर मी एकटीच होते, फक्त भांडी कुठल्या कपाटात आहेत ते मला माहीत नव्हतं. मग मी नाशिकला परत आले. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये निदान अंधारातही चमचा सापडत होता.

एकदा भाजीवाल्याकडे "पाव किलो गवार" म्हणताना आवाजच फुटेना. खाकरून पुन्हा बोलले. तेव्हा लक्षात आलं की आदल्या दिवसापासून मी कुणाशी एक शब्दही बोललेले नाही.

अशा दिवसांत ते काम आलं. नाशिकमधल्या एका ट्रस्टला मुलांची शाळागळती थांबवण्यासाठी मदत करायची होती. पण कोणत्या उपायाला करायची ते ठरत नव्हतं. कुणी म्हणे मुलींना सायकली द्या, कुणी म्हणे शिष्यवृत्ती द्या, कुणी म्हणे मूल दोन दिवस आलं नाही की घरी जाऊन दार वाजवणारं माणूस नेमा. प्रत्येकाकडे आपापला अहवाल होता आणि प्रत्येक अहवालात शेवटी यशच होतं. ट्रस्टच्या लोकांनी मला सांगितलं, हे सगळं वाचा आणि यातलं भरवशाचं किती ते आम्हाला कळेल अशा भाषेत लिहून द्या.

मी कामाला लागले. कार्यक्रम चांगला आहे का, एवढाच प्रश्न असता तर तो सोपा होता. बहुतेक सगळे चांगलेच होते. खरा प्रश्न असा की तो कार्यक्रम नसता तर ती मुलं शाळेतून गेलीच असती का? सायकल मिळालेल्या मुली शाळेत टिकल्या, ठीक. पण सायकल मागायला आलेल्या मुलींच्या घरी आधीपासूनच शिकवायची इच्छा होती की काय? ज्या आल्याच नाहीत त्यांचं काय? एका ठिकाणी मुलांची हजेरी वाढली होती, पण मोजणी कार्यक्रम संपायच्या आत केलेली. पुढच्या जूनमध्ये किती मुलं परत आली ते कुणी पाहिलंच नव्हतं. असं खोदत जायचं. सकाळी नऊला बसायचं आणि उन्हं खिडकीतून सरकून भिंतीवर गेली की उठायचं.

या कामाचा एक नियम आहे. एकच अहवाल दोघांनी वाचायचा, पण वेगवेगळा. वाचताना एकमेकांशी बोलायचं नाही, कारण बोललं की एकाचं मत दुसऱ्याच्या मतावर चढतं. दोघांनी आपापला निकाल लिहायचा, भक्कम, मध्यम किंवा कमकुवत. मग निकाल शेजारी ठेवायचे. जुळले तर प्रश्नच नाही. जिथे जुळले नाहीत तेवढ्यावरच फोनवर चर्चा करायची.

माझ्याबरोबरचे दुसरे वाचक कोल्हापूरचे होते. शिक्षकांना घडवणाऱ्या एका महाविद्यालयात आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले. आमची ओळख ट्रस्टच्या माणसाने फोनवरच करून दिली. मी त्यांना 'सर' म्हणायची, ते मला 'मॅडम'. दर शुक्रवारी चारच्या सुमाराला त्यांचा फोन यायचा.

"मॅडम, तुम्ही सायकलवाल्याला मध्यम दिलाय. मी भक्कम म्हणतोय. आता भांडूया की."

आवाज खणखणीत होता, वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला. ते सायकलवाल्याची बाजू घ्यायचे, मी विरोधात. पुढच्या अहवालावर उलट. कधी तासभर चालायचं. मध्येच ते थांबून पाणी प्यायचे, पेला ठेवल्याचा आवाज मला ऐकू यायचा. भांडण मिटलं की म्हणायचे, "चला, तुमचं खरं. आता दुमडून ठेवतो हे पान." त्यांनी पानाचा कोपरा दुमडल्याचं मी मनाशी बघायची.

मी मतभेद मुद्दाम कधी केले नाहीत, तेवढी शिस्त अंगात होती. पण गुरुवारी निकाल शेजारी ठेवल्यावर सगळे जुळलेले दिसले की मी हिरमुसायची, हे खरं. त्या शुक्रवारी फोन पाच मिनिटांत आटपायचा.

थंडीच्या दिवसांत हरसूलकडच्या एका छोट्या संस्थेचा अहवाल आमच्याकडे आला. त्र्यंबकेश्वरच्या पलीकडे डोंगरात हरसूल आहे. तिथल्या पाड्यांवरची माणसं भात आणि नागली काढून झाली की दिवाळीनंतर घराला कडी लावून निघतात. दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागांवर जातात आणि होळीच्या सुमाराला परततात. मुलंही बरोबर जातात आणि शाळा सुटते ती सुटतेच. म्हणून या संस्थेने गावातल्या शाळेशेजारी हंगामी वसतिगृह चालवलं होतं. आईबाप बागेवर, मुलं वसतिगृहात. अहवालात लिहिलं होतं की दोन वर्षांनी तपासलं तेव्हा वसतिगृहात राहिलेली बहुतेक मुलं शाळेत होती.

मी त्याला मध्यम दिला, आणि मनातून थोडा जास्तच द्यायला तयार होते. शेजारच्या तशाच पाड्यांवरच्या मुलांशी त्यांनी तुलना केली होती, कष्टाने केली होती.

शुक्रवारी सरांचा फोन आला. "मॅडम, हा कमकुवत आहे."

"का? तुलना तर आहे."

"शेवटून दुसरं पान काढा. तळटीप वाचा."

मी काढलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं की काही विद्यार्थ्यांशी संपर्क होऊ शकला नाही, त्यांना मोजणीतून वगळलं आहे.

"जी सापडली तीच मोजली," सर म्हणाले. "न सापडलेली कुठं गेली? शाळा सोडली म्हणूनच सापडली नसतील तर? मग हे यश कुणाचं मोजलं आपण?"

वर्गात मी हेच शिकवत आले होते. तरीही मी म्हणाले, "सर, ती दुसऱ्या शाळेत गेली असतील. आश्रमशाळेत."

"असतील. पण तुम्हाला ठाऊक आहे का?"

"नाही."

"मलाही नाही. म्हणून कमकुवत."

फोन ठेवल्यावर मी ते पान पुन्हा वाचलं. ते बरोबर होते, याचा राग नव्हता. ती तळटीप मी वाचलीच होती आणि वाचून पुढे गेले होते, कारण असं वाक्य प्रत्येक अहवालात असतंच. या वेळी मात्र ती मुलं माझ्यापासून बसच्या दोन-अडीच तासांच्या अंतरावर होती. आमच्या कामात कुणी जाऊन शोधत नाही, जे लिहिलं आहे तेवढंच वाचायचं असतं. पण मला घरात बसवेना.

आठवडी बाजाराच्या दिवशी मी हरसूलच्या एसटीत बसले. त्र्यंबकच्या पुढे घाटात गाडी रिकामी झाली आणि उतरणीला पुन्हा भरली, कोंबड्या, टोपल्या आणि कडधान्याची गाठोडी घेतलेल्या बायांनी. वसतिगृह म्हणजे शाळेच्या कडेला दोन खोल्या आणि एक पडवी. तिथे मुलांचं जेवणखाण आणि सगळंच बघणारी एक बाई होती, मुलं तिला मावशी म्हणत. मी ट्रस्टचं नाव सांगितलं तशी ती सावध झाली.

"तपासणीला आलात?"

"नाही. जी मुलं नंतर सापडली नाहीत म्हणून लिहिलंय, ती कुठे गेली असतील ते विचारायला आले."

तिने तांदळाचं सूप पुढे ओढलं. मग म्हणाली, "बसा. तांदूळ निवडते, निवडता निवडता सांगते."

तिला सगळ्यांचं काही माहीत नव्हतं. काहींचं माहीत होतं, काहींचं ऐकीव. दोघं भाऊ पेठच्या आश्रमशाळेत गेले होते, तिथे अजून शिकत होते. एक मुलगी मामाकडे वणीला राहून कॉलेजात जायला लागली होती. एक मुलगा गुजरातेत कुठल्या कारखान्यात लागला. दोघीतिघींची लग्नं झाली. आणि एक मुलगी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये आईबापाबरोबर काम करत होती. "ती हुशार होती," मावशी म्हणाली. "नववी झाली, दहावीच्या हंगामात सुटीला आईबापाकडं बागेवर गेली, ती आलीच नाय. मी निरोप पाठवला दोनदा."

"का नाही आली?"

"काय माहीत, बाई. इथं तिला कुणी रागं भरलं नाय, उपाशी ठेवलं नाय."

म्हणजे आम्ही दोघंही थोडे बरोबर होतो आणि थोडे चुकलो होतो. न सापडलेल्यांत शिकणारीही होती आणि सुटलेलीही. परतीच्या बसमध्ये मी हे सरांना कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. पण शुक्रवार अजून लांब होता. आणि त्या हुशार मुलीचा प्रश्न डोक्यातून जाईना.

दोन दिवसांनी मी पिंपळगावला गेले. हंगाम जोरात होता, महामार्गाच्या कडेला क्रेट भरलेल्या टेम्पोंची रांग लागलेली. मावशीने पॅकहाउसची खूण सांगितली होती. तिथला सुपरवायझर आधी आत सोडायला तयार नव्हता. मग मी शिक्षिका होते म्हटल्यावर म्हणाला, "जेवणाच्या सुटीत भेटा, बाहेर."

सुटीत बायका बाहेर आल्या. डोक्याला टोप्या, हातमोजे काढून कमरेला खोचलेले. आत माल टिकावा म्हणून गारठा, त्यामुळे सगळ्याजणी आधी उन्हात उभ्या राहिल्या. मुलगी त्यांच्यात होती, सतरा-अठरा वर्षांची, उंच आणि बारीक. मी मावशीचं नाव सांगितलं तेव्हा तिचा चेहरा खुलला.

"मावशी बरी हाय?"

"बरी आहे. तुझी आठवण काढली."

आम्ही भिंतीच्या कडेला बसलो. तिने डबा उघडला, भाकरी आणि लसणाची चटणी. अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे धरली. मी घेतली. बराच वेळ ती आपल्या कामाबद्दल बोलली. घडातले खराब मणी कात्रीने कसे काढायचे, बोटाचा ठसा लागून द्राक्षावरची पांढरी पूड पुसली गेली की माल कसा मागे येतो. मी ऐकत होते. मग विचारलं, "शाळा का सोडलीस गं?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला. "तसं काय नाय झालं."

"कुणी काही बोललं?"

"नाय."

"घरच्यांनी नको म्हटलं?"

"बा म्हणत होता, जा. आई पण." तिने चटणी बोटाने गोळा केली. "मला करमायचं नाय तिथं. संध्याकाळ झाली का लय वाईट वाटायचं. माझ्या पाड्यावरची एक होती संगती, ती गेली तिच्या आत्याकडं. मग मी एकटीच. बाकीच्या पोरी आपापल्यात. आई इकडं, फोन लागला तर लागला. सुटीत इकडं आले तर सगळी इथं होती. मंग नाय गेले."

एवढंच. तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी कितीतरी अहवाल वाचले होते. त्यांत गरिबी होती, अंतर होतं, शाळेत शौचालय नसणं होतं, परीक्षेतलं अपयश आणि लग्न होतं. करमत नाही, असं कारण कुठे वाचल्याचं मला आठवेना. कुणी विचारलं नसेल, किंवा विचारलं असेल आणि 'इतर'मध्ये टाकलं असेल.

"तुमच्याकडं कोण कोण हाय?" तिने मला विचारलं.

"मी एकटीच असते. मुलगा लांब आहे."

"मंग करमतं?"

मी म्हणाले, "काम असतं. वेळ जातो."

तिने मान हलवली, जणू हे उत्तर तिला पुरेसं होतं. मी तिला सांगितलं की शाळेत न जाताही बाहेरून दहावीला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरून. मी मदत करीन. तिने माझा नंबर आपल्या मोबाइलमध्ये घातला. "बघू," म्हणाली. आतून हाक आली तशी ती उठली, डबा धुतला आणि टोपी नीट करत गेली.

शुक्रवारी चारची वाट न बघता मीच फोन लावला आणि सरांना सगळं सांगितलं. आश्रमशाळेतले दोघं भाऊ, वणीची मुलगी, गुजरातेतला मुलगा आणि पॅकहाउसमधली ही. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "तुम्ही एकट्या गेलात तिथं?"

"हो."

"बरं केलंत. पण मॅडम, एका मुलीच्या सांगण्यावरनं आपल्याला काही ठरवता येत नाही."

"माहीत आहे सर. मी ठरवायला फोन नाही केला."

"मग?"

"सांगायला केला."

पलीकडे पेला ठेवल्याचा आवाज आला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "करमत नाही म्हणाली, नाही का." आणि त्यांनी विषय बदलला. त्या दिवशी आम्ही बाकीच्या एकाही अहवालावर भांडलो नाही.

अंतिम लेखात आम्ही त्या वसतिगृहाला कमकुवत असंच लिहिलं. त्याखाली मी एक परिच्छेद घातला, की पुरावा कमकुवत आहे म्हणजे काम कमकुवत आहे असं नव्हे. न सापडलेल्या मुलांना शोधावं, काही वर्षं नीट मोजावं आणि मोजताना मुलांना इतरही विचारावं, संध्याकाळी कसं वाटतं तेसुद्धा. सरांनी त्यातला एक शब्द बदलला. मी 'एकाकी' लिहिलं होतं, त्यांनी 'करमत नाही' केलं. म्हणाले, "तिचाच शब्द राहू दे की."

उन्हाळ्यात ट्रस्टने बैठक ठेवली, नाशिकमध्येच. सर त्यासाठी कोल्हापूरहून यायचे होते. मी त्या सकाळी साडी दोनदा बदलली आणि मग स्वतःवरच चिडून पहिलीच नेसले. काय अपेक्षा होती ते मला सांगता येणार नाही. एवढंच की वर्षभर ज्या माणसाशी सगळ्यांत जास्त बोलले, तो माणूस आज समोर दिसणार होता.

ते माझ्या मनातल्यापेक्षा ठेंगणे निघाले. पांढरी पँट, पांढरा बुशशर्ट, हातात कापडी पिशवी. मी पुढे होऊन म्हणाले, "सर, मी." ते हसले आणि हात जोडले. मी म्हणाले, "प्रवास नीट झाला ना?" ते म्हणाले, "हो, हो, मीच." मला वाटलं गडबडीत नीट ऐकलं नसेल.

बैठकीत वसतिगृह चालवणारे गृहस्थ होते. साठीचे, उन्हाने रापलेले. आमचा निकाल वाचून दाखवल्यावर ते उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "मी ही मुलं पाड्यापाड्यावरून आणली. आईबाप निघून जायचे तेव्हा त्यांना धरून बसलो. तुम्ही खोलीत बसून त्याला कमकुवत म्हणता. मला हे समजत नाही." मी उत्तर द्यायला उभी राहिले. कमकुवत आहे ते तुमचं काम नाही, आम्हाला त्याबद्दल जे कळलंय ते अपुरं आहे, असं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मान खालीच ठेवली. सर माझ्या शेजारी बसले होते आणि काहीच बोलत नव्हते. नंतर माझ्या लक्षात आलं, त्यांना त्या गृहस्थांचं बोलणं ऐकूच गेलेलं नव्हतं.

त्यांना फार कमी ऐकू यायचं. फोनवर ते कानात इयरफोन घालून, आवाज पूर्ण वाढवून, घरातल्या मागच्या खोलीत बसून बोलायचे. कानातल्या यंत्राने गर्दीत नुसता गलका होतो, असं त्यांनी मला जेवताना सांगितलं. आम्ही जवळच्याच एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. दुपारची वेळ, ताटांचे आवाज, पंखे, शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस. मी काही म्हटलं की ते पुढे झुकायचे आणि मी पुन्हा म्हणायची. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली की मी "काही नाही" म्हणून सोडून द्यायची. मग आम्ही मुकाट्याने जेवलो. त्यांनी माझ्या ताटात पापड ठेवला. मी त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.

बसस्टँडवर गाडीत चढताना ते म्हणाले, "फोनवर बोलू, मॅडम. तिथं बरं पडतं."

मी मान डोलावली. ती त्यांना दिसली.

पण काम संपलं होतं. पुढच्या शुक्रवारी चार वाजता मी टेबलाशीच होते. फोन आला नाही, आणि यावा असं काही कारणही नव्हतं. दोन-तीन आठवडे गेल्यावर मीच लावला. आम्ही पावसाबद्दल बोललो, त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोललो. त्यांनी विचारलं, त्या मुलीचं काही कळलं का? मी सांगितलं, मावशीकडून कळलं की तिचं लग्न ठरलंय, सुरगाण्याकडचा मुलगा आहे. फॉर्म तिने भरला नाही. "असू दे," ते म्हणाले. "सुखात असली म्हणजे झालं." मग दोघंही थांबलो. भांडायला काही नव्हतं आणि भांडणाशिवाय कसं बोलायचं ते आम्ही कधी शिकलोच नव्हतो. त्यानंतर दिवाळीला त्यांचा शुभेच्छांचा मेसेज आला, पणतीचं चित्र असलेला, सगळ्यांना पाठवतात तसा.

ट्रस्टने निर्णय घेतला होता. वसतिगृह आणखी काही वर्षं चालवायचं आणि या वेळी प्रत्येक मुलाचा माग ठेवायचा. ते काम त्यांनी मला दिलं. उन्हाने रापलेले ते गृहस्थ सुरुवातीला माझ्याशी मोजकंच बोलत. त्यांची चूक नव्हती.

मुलगा त्या दिवाळीला येणार होता, पण त्याला सुटी मिळाली नाही. भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी मी हरसूलला गेले, कारण पाड्यांवरची माणसं त्या आठवड्यात निघणार होती आणि मुलं वसतिगृहात यायची होती.

दुपारी पिकअप गाडी शाळेपुढे येऊन उभी राहिली. तिच्यात आधीच गोधड्या, भांडी आणि माणसं होती. आया खाली उतरल्या, मुलांच्या पिशव्या पडवीत ठेवल्या. फार काही बोलणं झालं नाही. एका बाईने मुलीच्या केसांना पुन्हा तेल लावलं, सकाळी लावलेलं होतं तरी. एकीने मावशीला सांगितलं, याला अंधारात भीती वाटते. ड्रायव्हरने हॉर्न दिला तशा त्या चढल्या. मुलं रस्त्याच्या कडेला उभी राहिली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी कुणी लगेच हललं नाही. एक लहान मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिने विचारलं, "तू पण जाणार?"

मी म्हटलं, "संध्याकाळच्या गाडीने."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

मावशीने मला जेवायला थांबवलं. मुलांच्या पंगतीत बसून मी वरणभात खाल्ला. एरवी एवढी मुलं एकत्र बसली की गोंगाट होतो. त्या दिवशी नुसता ताटांचा आवाज होता. उन्हाने रापलेले गृहस्थ वाढत होते. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांनी न विचारता भात वाढला आणि म्हणाले, "पहिले चार दिवस असंच असतं. मोजा तुम्ही, पण हेही बघून ठेवा."

"म्हणूनच आले," मी म्हणाले. ते पुढे गेले.

शेवटच्या एसटीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. घाटात थंडी वाजायला लागली. त्र्यंबकला बरीच माणसं चढली आणि एक थकलेली बाई माझ्या शेजारी बसली, मांडीवर पिशवी घेऊन. गाडी सुटली आणि थोड्याच वेळात तिला डुलकी लागली. तिचं डोकं हळूहळू कलत माझ्या खांद्यावर आलं. एरवी मी अंग आक्रसून घेतलं असतं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. खांदा अवघडला, तरी मी हलले नाही. नाशिकचे दिवे दिसायला लागले, कंडक्टरने स्टँडचं नाव पुकारलं, तेव्हा तिला जाग आली. ती ओशाळून म्हणाली, "झोप लागली बाई. उठवायचं की."

मी म्हणाले, "असू द्या."